जुन्या गाडीची लोखंडी इंधन लाइन : गळती कुठे होते, दुरुस्ती कशी होते

गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल किंवा खाली ओला डाग दिसत असेल, तर हे पत्रक नंतर वाचा. आधी इंजिन बंद करा, गाडी ढकलत उघड्यावर न्या आणि पुन्हा स्टार्टर मारू नका. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असते. म्हणजे बंद शेडमध्ये ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. गळती मागे टाकीजवळ असेल तर बॅटरीची वजा तार काढून ठेवा. बोनेटखाली ओल दिसत असेल तर बॅटरीलाही हात लावू नका, ठिणगी नेमकी तिथेच पडते. अशी गाडी चालवत आणू नका. टोचन लावूनच आणा.

गाडीखाली कोणते पाइप असतात

टाकीपासून इंजिनपर्यंत चासीच्या कडेनं दोन-तीन पाइप जातात. बहुतेक गाड्यांत 8 मिमीचा पाइप इंधन पुढे नेतो आणि 6 मिमीचा पाइप जास्तीचं इंधन टाकीत परत आणतो. काही गाड्यांत टाकीतली वाफ नेणारा तिसरा असतो, तर जुन्या कार्बोरेटर गाड्यांपैकी काहींना परतीचा पाइप (रिटर्न) नसतोच. त्यांच्या शेजारून जाणारा बारीक, साधारण 4.75 मिमीचा पाइप ब्रेकचा. इंधनाची लाइन सडली असेल तर तो ब्रेकचा पाइपही त्याच चिखलात तितकीच वर्षं भिजलेला असतो. म्हणून इंधनाच्या कामाला गाडी वर घेतली की ब्रेक लाइन तुम्ही सांगितलं नाही तरी आम्ही तपासतो.

पाइपात दाब किती, यावर दुरुस्तीची पद्धत ठरते. अँबेसेडर, पद्मिनी, कार्बोरेटरवाली मारुती 800 यांचा पंप इंजिनवर असतो. टाकी ते पंप या लाइनमध्ये दाब नसतो, ओढ असते. पंपापुढे कार्बोरेटरपर्यंत जेमतेम 0.2 ते 0.3 बार. एमपीएफआय (इंजेक्टरनं इंधन फवारणाऱ्या) गाडीत पंप टाकीतच असतो आणि सगळी लाइन साधारण अडीच ते तीन बारवर, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त दाबावर असते. कार्बोरेटरच्या गाडीत जो जोड वर्षानुवर्षं टिकतो, तोच एमपीएफआयला लावला तर फवारा उडतो.

कुठे सडते

मोकळा, डोळ्यांना दिसणारा पाइप क्वचित आधी सडतो. सडतो तो पाइप चासीला धरून ठेवणाऱ्या क्लिपच्या आत. क्लिप आणि पाइप यांच्या फटीत काळी माती बसते, पावसाळ्यात भिजते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. बाहेरून पाइप ठीक दिसतो, क्लिप उघडली की पापुद्रे हातात येतात. दुसरी जागा मागच्या चाकामागे, जिथे टायर सतत चिखल फेकतो. तिसरी जॅक लावण्याची जागा. चुकीच्या ठिकाणी जॅक लावला की पाइप चेपतो, वरचा झिंकचा थर उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. चौथी जागा पत्र्यातून पाइप आरपार जातो तिथली. रबरी बुश झिजून गेलं की पत्र्याची धार पाइपावर घासत राहते.

सांगलीत यात महापुराची भर पडते. 2005, 2019 आणि 2021 साली ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या क्लिपांत आणि चासीच्या पोकळ्यांत बारीक गाळ अजूनही सापडू शकतो. सीट, वायरिंग, इंजिन तेव्हाच दुरुस्त होतं. पाइपामागचा गाळ मात्र कोणी काढत नाही आणि तो दर पावसाळ्यात पुन्हा भिजतो. जुनी गाडी विकत घेताना ती गावभागात किंवा सांगलीवाडीत पुरात होती का, हे विचारून घ्या. वरचेवर रत्नागिरी-गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना खाऱ्या हवेचाही त्रास असतो. परत आल्यावर गाडी खालून साध्या पाण्यानं धुऊन घेतली तरी बराच फरक पडतो.

पाइप आतूनही गंजतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या भागातल्या कारखान्यांचा ऊस ज्यात जातो तेच हे इथेनॉल, आणि ते ओलावा धरतं. रोज चालणाऱ्या गाडीत इंधन बदलत राहतं, म्हणून फार बिघडत नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत मात्र पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी आणि लाइनच्या खोलगट भागात बसतं. जुन्या गाड्यांत पाइप जोडणारे मूळ रबरी तुकडेही या पेट्रोलनं फुगतात, नंतर कडक होऊन तडकतात.

थेंब न पडताही लाइन खराब असू शकते

ओढीच्या बाजूला भोक पडलं तर इंधन बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. अशी गाडी सकाळी खूप स्टार्टर मागते, सपाटीला चालते आणि घाट चढताना आचके देते. जुन्या डिझेल जीपमध्ये हे हमखास होतं. रात्रभर उभी राहिली की लाइन रिकामी होते आणि रोज सकाळी हँड प्रायमर (हातानं इंधन ओढायचा पंप) मारावा लागतो. त्यावर लोक पंप बदलतात, नोझल काढतात, खर्च वाढत जातो. डिझेलच्या लाइनमध्ये फिल्टरच्या आधी तात्पुरता पारदर्शक होजचा (लवचीक नळीचा) तुकडा जोडून इंजिन चालू केलं की बुडबुडे स्पष्ट दिसतात. ही तपासणी पंपाला हात लावण्याआधी करायची.

फक्त इंजिन चालू असतानाच ठिबकत असेल तर बहुधा पंपाच्या पुढची किंवा रिटर्न लाइन. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल तर टाकीच्या वरचा होज किंवा वाफेची लाइन. रिटर्न पाइप चेपला असेल तर एमपीएफआय गाडीत दाब वाढतो, काळा धूर येतो आणि अॅव्हरेज पडतं. अशा वेळी बाहेर एक थेंबही दिसत नाही.

तुकडा बदलायचा की अख्खी लाइन

हा निर्णय आम्ही सगळ्या क्लिपा उघडून, पाइप वायर ब्रशनं साफ केल्यावरच घेतो. नुसतं खालून वाकून बघून कोणी "एक जोड मारू, चालेल" म्हणाला तर ऐकू नका. पाइपाला दगडाचा किंवा जॅकचा मार बसला असेल आणि बाकी लाइन निरोगी असेल, तर तुकडा बदलणं योग्य आहे. गंजामुळे भोक पडलं असेल तर पुढचं भोक शेजारच्या क्लिपखाली तयार होत असतं. दोन ठिकाणी खड्डे पडलेले दिसले की अख्खी लाइन बदलायची. माल फार महाग नसतो. वेळ जातो तो टाकी उतरवण्यात, आणि तीच मजुरी दर वर्षी देण्यात अर्थ नाही.

काम कसं होतं

एमपीएफआय गाडीत आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, मग बॅटरी सोडतो. कार्बोरेटर गाडीत टाकीचं झाकण उघडून वाफ सोडतो. टाकी लाइनच्या वर असेल तर पाइप कापताच पेट्रोल आपोआप वाहू लागतं, म्हणून टाकी रिकामी करतो किंवा मागचा होज क्लॅम्पनं दाबून धरतो. गाडी काँक्रीटवर, उघड्या हवेत आणि खड्ड्यापासून लांब असते. जुन्या नटांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारतो. साध्या फिक्स पान्यानं नटाचे कोपरे गोल होतात, म्हणून फ्लेअर नटाचा (पाइपाचं पसरवलेलं टोक आवळणाऱ्या नटाचा) चिरलेला रिंग पानाच वापरतो.

पाइप गंजाच्या पुढे किमान 25-30 मिमी निरोगी धातू लागेपर्यंत कापायचा, तोही पाइप कटरनं. हॅक्सॉनं कापला की लोखंडाचा कीस आत जातो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये अडकतो. दुरुस्तीनंतर गाडी आधीपेक्षा वाईट चालू लागली, तर बऱ्याचदा कारण हेच असतं. कापल्यावर आतली कड साफ करून हवेनं फुंकतो.

नवा पाइप दुहेरी भिंतीचा स्टीलचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा असतो. दुसरा गंजत नाही आणि सहज वाकतो, पण महाग आहे. वळण बेंडरनंच द्यायचं, त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नको. हातानं गुडघ्यावर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो. युनियन जोडाला डबल फ्लेअर करतो, म्हणजे पसरवलेली कड आत दुमडून दुहेरी करतो, कारण शिवण असलेल्या स्टील पाइपाची सिंगल फ्लेअर शिवणीवर चिरते.

होजनं जोड द्यायचा असेल तर पाइपाच्या टोकाला उंचवट्याचं कडं काढावंच लागतं. गुळगुळीत पाइपावरचा होज दाबानं सरकून निघतो. होज 25-30 मिमी आत जायला हवा आणि होज आवळणारी क्लिप कड्याच्या मागे बसायला हवी, कड्यावर नाही. एमपीएफआयसाठी एसएई जे30 आर9 छाप असलेलाच होज लागतो. साध्या कार्बोरेटर होजवर आर6 किंवा आर7 असतं, ते एमपीएफआयसाठी नाही. क्लिपही पोटातून सपाट पट्टीची हवी, खाचांची पट्टी रबर कापते. होजचा तुकडा शक्य तितका आखूड ठेवतो आणि सायलेन्सरजवळ कधीच देत नाही.

पाइप परत बसवताना दर 300 ते 450 मिमीवर क्लिप, प्रत्येक क्लिपखाली रबर. हँडब्रेकची केबल, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर यांपासून अंतर. शेवटी फिल्टर नवा, कारण जुन्या लाइनचा गंज त्यातच जमलेला असतो.

जे आम्ही करत नाही

गॅस वेल्डिंग नाही. पेट्रोल काढलं तरी पाइपात वाफ उरते. डाग देऊन कथील भरत नाही, ते कंपनानं तडकतं. एमसील भोकावर काही दिवस थांबतं आणि मग भर रस्त्यात सुटतं. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी स्वस्त आणि मऊ असते, पण ती कंपनानं कडक होऊन जोडापाशी चिरते, शिवाय तांब्यामुळे इंधनात चिकट डिंक लवकर तयार होतो. दाबाच्या रिंगवाला कम्प्रेशन जोड जुन्या कार्बोरेटर गाडीत देतो, एमपीएफआयमध्ये नाही.

डिझेलच्या पंपापासून नोझलकडे जाणारे जाड पाइप दुरुस्त होत नाहीत. त्यात शेकडो बार दाब असतो, तिथला बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. ते मूळ मापाचे नवेच लागतात. आणि सीएनजीच्या नळीला आम्ही हात लावत नाही. तिच्यात 200 बार असतात, ते अधिकृत किट सेंटरचं काम.

गाडी ताब्यात घेताना

एमपीएफआय गाडीत चावी चार-पाच वेळा ऑन करून पंपाला दाब भरू देतो, प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूनं पुसतो, मग इंजिन पंधरा मिनिटं चालवून पुन्हा पुसतो. हे तुमच्यासमोर करायला सांगा. कापलेला जुना पाइप मागून घ्या आणि तो कुठल्या क्लिपखाली सडला होता ते विचारा.

पाइप तपासण्याआधी खालून अंडरबॉडी कोटिंग मारून घेऊ नका, काळ्या थराखाली ओल दिसत नाही. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा दाखवा, नवे क्लॅम्प रबर बसल्यावर थोडे सैल होतात. रबरी तुकडे पाच वर्षांनी बदलायचे, मग ते वरून कितीही चांगले दिसोत. त्यांच्या बसवल्याची तारीख बिलावर लिहिलेली असते, ते बिल गाडीच्या कागदांत ठेवा.