मशीन सारखं वाजतंय? दुरुस्तीला आणण्याआधी हे वाचा

नवीन मेटल डिटेक्टर नेऊन आठवडाही होत नाही, तोच फोन येतो. "जमिनीवर धरलं तरी वाजतंय, हवेत धरलं तरी वाजतंय. खणलं तर काहीच निघत नाही." आम्ही विचारतो, सेन्सिटिव्हिटी किती ठेवली आहे? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: "फुल्ल."

अशी मशीन आमच्या टेबलावर येतात, तपासली जातात आणि जशीच्या तशी परत जातात. तुमचे दिवस वाया जातात आणि ज्याचं मशीन खरंच बंद पडलंय तो ग्राहक रांगेत मागे राहतो. म्हणून हे पत्रक प्रत्येक मशीनसोबत देतो.

सेन्सिटिव्हिटी वाढवली की कॉइलची (दांड्याच्या खालच्या टोकाला असलेल्या तबकडीची) ताकद वाढते आणि मशीन जास्त खोल बघतं, असं अनेकांना वाटतं. बहुतेक मशीनमध्ये तसं होत नाही. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे नाण्यात बारीक विद्युतप्रवाह फिरतात आणि त्या प्रवाहांचं क्षीण क्षेत्र कॉइलमधलं दुसरं वेटोळं टिपतं. सेन्सिटिव्हिटीचं बटण फक्त हा परत आलेला सिग्नल मोठा करतं. त्याच्याबरोबर मातीतल्या लोहखनिजांचा, वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा आणि खिशातल्या मोबाईलचा सिग्नलही तितकाच मोठा होतो.

यातून खोली किती वाढते, त्याचा हिशोब बघा. नाण्यासारख्या लहान वस्तूचा सिग्नल ढोबळमानाने अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. 10 सेंमीवरचं नाणं 20 सेंमीवर गेलं तर सिग्नल 64 पटींनी कमी होतो. उलट बाजूने, मशीनने सिग्नल दुप्पट मोठा केला तरी 20 सेंमीचे फार तर साडेबावीस सेंमी होतात. या अडीच सेंमीसाठी दिवसभर खोटे आवाज ऐकायचे आणि खऱ्या नाण्याचा हलका आवाज त्यातच हरवायचा. गवतावरून 5 सेंमी उंच फिरणारी कॉइल जमिनीला टेकेल इतकी खाली आणा. बटणापेक्षा दुप्पट फायदा तिथे होतो.

सेटिंगचा क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकवू नका. आधी मोबाईल बंद करा किंवा लांब ठेवा. नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्ट (आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणारी सोय) असेल तर कॉइल स्थिर धरून ते करून घ्या. मग ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीच्या स्वतःच्या सिग्नलकडे मशीनने दुर्लक्ष करावं म्हणून केलेली जुळणी. त्यासाठी जागा स्वच्छ हवी. कॉइल फिरवून खाली धातू नाही याची खात्री करा, मग ती जमिनीपासून दोन-तीन सेंमीवरून वीत-दीड वीत उंचीपर्यंत सरळ वर-खाली करा. खाली येताना आणि वर जाताना आवाज सारखाच राहिला की जमीन जुळली. खाली खिळा पडलेला असताना हे केलंत तर मशीन त्या खिळ्यालाच जमीन समजेल. सेन्सिटिव्हिटी शेवटी. कॉइल फिरवत फिरवत वाढवत जा, बडबड सुरू झाली की ती थांबेपर्यंत कमी करा आणि मग आणखी एक पायरी खाली घ्या. कोरड्या जमिनीवरून ओल्या किंवा तांबड्या मातीत गेलात तर ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा.

आम्ही मशीन देताना सेन्सिटिव्हिटी दोन-तृतीयांशावर आणि डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज बंद करणारी सेटिंग) फक्त लोखंडापुरतं ठेवतो. दुकानदाराने मशीन दाबून दिलं, असं काहींना वाटतं. तसं अजिबात नाही. अनोळखी जमिनीवर सुरुवात करायला हीच सेटिंग सर्वांत बरी, हे आम्ही रोज बघतो.

डिस्क्रिमिनेशनबद्दलही आग्रहाने सांगतो. "फक्त नाणी वाजली पाहिजेत" म्हणून बाकी सगळं नॉच करून (आकड्यांच्या पट्टीतून वगळून) टाकू नका. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल असूनही स्क्रीनवर डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या टॅबच्या (ओढून उघडायच्या कडीच्या) आसपासचाच आकडा दाखवतं. सोन्याच्या बऱ्याच अंगठ्याही तिथेच. टॅब बंद केलात तर ही दोन्ही बंद. शिवाय आजची बरीच चिल्लर पोलादी आहे. ब्रिटनची एक आणि दोन पेनीची नाणी 1992 पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची निघू लागली. युरोचे एक, दोन आणि पाच सेंटही तसेच. त्यांचा आकडा लोखंडासारखा किंवा सतत उड्या मारणारा दिसू शकतो. आणि नाण्याशेजारी गंजका खिळा असेल, तर खिळ्याला गप्प केल्यावर त्याच्याबरोबर नाणंही गप्प होतं. खिळे भरपूर असलेल्या जागी रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर लगेच दुसरी ओळखण्याचा वेग) वाढवा आणि लहान कॉइल लावा. लहान कॉइलची खोली थोडी कमी असते, पण कचऱ्यातून नाणं वेगळं काढायला तिच्यासारखी दुसरी नाही. दुसरी कॉइल घ्यायचा विचार असेल तर मोठीच्या आधी ही बघा.

आकड्यापेक्षा कान तयार करा. स्वच्छ जमिनीवर एक नाणं, एक खिळा, एक बाटलीचं धातूचं बूच आणि एक टॅब हात-हात अंतरावर ठेवा आणि अर्धा तास त्यांच्यावरून कॉइल फिरवा. आडव्या पडलेल्या नाण्याचा आवाज डावीकडून आणि उजवीकडून सारखाच, गोल आणि भरीव येतो. नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवलं तरी तो टिकतो. खिळा एका बाजूने टिंग करतो आणि परतताना तुटतो किंवा गायब होतो. हा फरक हेडफोनमध्ये फार स्पष्ट कळतो, म्हणून मशीनसोबत हेडफोन घ्याच असं आम्ही सांगतो. मशीन आमच्याकडून घेतलेल्यांसाठी हा सराव आम्ही जमिनीवर सोबत राहून करून घेतो, वेगळे पैसे घेत नाही. फक्त आधी कळवा.

खणण्याआधी जागामालकाची परवानगी घ्या, संरक्षित ऐतिहासिक जागेत मशीन नेऊ नका आणि खड्डा बुजवूनच पुढे जा.

एवढं करूनही मशीन वाजत असेल तर तीन गोष्टी बघा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली आहे का? सैल वायर हलली की खोटा सिग्नल येतो. कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून आत साचलेली माती धुऊन टाका. नदीकाठची काळी वाळू चुंबकाला चिकटणारी असते, ती तिथे बसली की मशीन दर फेरीला वाजतं. तिसरं, बॅटरी पूर्ण चार्ज करा.

मग मोकळ्या जागेत, घर आणि तारांपासून दूर, सेन्सिटिव्हिटी सर्वांत कमी करून कॉइल हवेत स्थिर धरा. तरीही आवाज आला, किंवा कनेक्टर हलवल्यावर आवाज बदलला, तर दोष खरा आहे. असं मशीन लगेच आणा, ते आम्ही रांगेत पुढे घेतो. दोष न सापडलेल्या मशीनचंही तपासणी शुल्क आम्ही घेतो, कारण कॉइल, वायर आणि सर्किट तपासायला माणूस आणि वेळ तेवढाच लागतो. येताना कॉइल, चार्जर आणि हेडफोन सोबत आणा, आणि मशीन वाजत असताना स्क्रीनवर जी सेटिंग होती तिचा फोटो काढून ठेवा.