पात्यांमधून जाणारी गोळी

ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर वायुसेना दिनी, म्हणजे 8 ऑक्टोबरला, पहिल्या महायुद्धातील भारतीय लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्यावरचा एक संदेश हमखास फिरतो. रॉय यांचा जन्म 2 डिसेंबर 1898 रोजी कोलकात्यात झाला, लंडनमध्ये शिकून 1917 मध्ये ते ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात विमान कोसळून जखमी झाले आणि पुन्हा उभे राहिल्यावर जुलै 1918 मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर 10 हवाई विजय नोंदले गेले, एवढे त्यात बरोबर असते. मात्र त्यांच्या विमानाच्या फिरत्या पंख्यातून गोळी कशी जाई हे सांगणारे, 'समोर पाते आले की बंदूक थांबत असे' हे त्यातील वाक्य वस्तुस्थितीच्या नेमके उलटे आहे.

रॉय यांच्या एसई-5ए विमानात पंखा वैमानिकाच्या पुढे असे, आणि व्हिकर्स मशीनगनची गोळी त्याच्या फिरत्या पात्यांमधूनच जात असे. (दुसरी, लुईस बंदूक वरच्या पंखावर बसवलेली असल्याने तिला ही अडचण नव्हती.) इंजिनाच्या मिनिटाला 1800 फेऱ्या धरल्या, तर दोन पात्यांचा पंखा नळीसमोरून सेकंदाला 60 वेळा पाते नेतो, बंदूक मात्र सेकंदाला सुमारे 10 गोळ्याच झाडते. तेव्हा बंदुकीला थांबवण्यापेक्षा, वाट मोकळी असतानाच तिला 'झाड' असा इशारा देणे सोपे. ती तयार नसेल तर तो इशारा वाया जातो आणि पुढचा कामी येतो.

आधीच्या यंत्रणांमध्ये हा इशारा दांड्यांमार्फत जाई. दांड्या झिजत, लवत, आणि मग वेळ चुके. रुमानियन अभियंता जॉर्ज कॉन्स्टँटिनेस्कू यांनी दांड्यांऐवजी द्रवाने भरलेली नळी वापरली. इंजिनावरील कॅम (उंचवटा असलेले फिरते चाक) एका टोकाला दट्ट्यावर ठोका देतो, आणि तो ठोका दाबाच्या लहरीच्या रूपाने द्रवातील ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण 1300 मीटरने, दुसऱ्या टोकाच्या बंदुकीपर्यंत पोहोचतो. येथे द्रव वाहत नाही, धक्का प्रवास करतो. घरातील नळ झटकन बंद केल्यावर पाइपात होणारा धाडकन आवाज याच जातीचा.

आता हिशेब पाहा. दीड मीटर नळीतून लहर जायला सुमारे 1.15 मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात पंखा 12 अंश फिरतो. सेकंदाला 740 मीटर वेगाची गोळी दीड मीटर पुढच्या पंख्यापर्यंत पोहोचेतो तो आणखी 22 अंश फिरतो. हे 34 अंश आधीच गृहीत धरून कॅम बसवावा लागतो. इंजिन मंदावले की हा कोन कमी होतो, पण दोन पात्यांमधली मोकळी जागा मोठी असल्याने हा फरक तीत सामावतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला, तर मात्र लहर त्यातच जिरते. गाडीच्या ब्रेकमधील हवा काढावी लागते ती याच कारणाने. द्रवावर मुळात भरपूर दाब असणेही आवश्यक होते, आणि तो वैमानिकाला हातपंपाने राखावा लागे.

त्याच संदेशाच्या शेवटी शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याचे ठामपणे लिहिले होते. त्यासोबत नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडूच शकणार नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवून दिले आहे. अंशाअंशाचा असा हिशेब त्या ग्रंथात कोठे सापडतो, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

पात्यांमधून गोळी झाडणाऱ्या या यंत्रणेने विमानाचे नाक हीच बंदुकीची नळी केली. नेम धरायचा तर सारे विमानच शत्रूकडे वळवावे लागे, आणि तेवढा वेळ पाठ उघडी पडे. 22 जुलै 1918 रोजी फ्रान्समधील कार्व्हँजवळ जर्मन फोकर विमानांशी झालेल्या चकमकीत रॉय यांचे विमान पेटून कोसळले. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट दिले जात नव्हते. रॉय यांचे वय 19 होते. सप्टेंबरमध्ये त्यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान जाहीर झाला. एस्तेवेल येथील त्यांच्या समाधीशिलेवर फ्रेंचबरोबर बंगालीतही मजकूर कोरलेला आहे.