ला फेनिचे: मधल्या बॉक्सची गोष्ट

तिकीट काढणाऱ्या कुणालाही ऑपेरा पाहता येईल असे पहिले नाट्यगृह १६३७ साली व्हेनिसमध्ये सुरू झाले. घोड्याच्या नालेसारखे प्रेक्षागृह, एकावर एक बॉक्सचे (भिंतीलगतच्या छोट्या खासगी सज्जांचे) मजले, समोर चौकटीतला रंगमंच हा इटालियन आराखडा त्यानंतर युरोपभर गेला. नाट्यगृह चालायचे ते मुख्यतः बॉक्स घेणाऱ्या श्रीमंत घराण्यांच्या पैशावर.

व्हेनिसमधल्या अशाच बॉक्सधारकांच्या एका संस्थेचे सान बेनेदेत्तो नाट्यगृह जळाले. पुन्हा उभारले, तर मालकीच्या वादात तेही हातचे गेले. मग त्यांनी नवे बांधले आणि नाव ठेवले ला फेनिचे, म्हणजे राखेतून उठणारा फिनिक्स. वास्तुविशारद जानान्तोनियो सेल्वा. दर्शनी भाग साधा, अभिजात वळणाचा. एक दार चौकात, दुसरे गोंडोलांसाठी कालव्यावर. १६ मे १७९२ रोजी पडदा उघडला.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती सेल्वाच्या बॉक्सची. व्हेनिस प्रजासत्ताक होते, म्हणून त्याने सगळे बॉक्स सारखे ठेवले. राजासाठी वेगळी जागाच नव्हती. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक संपवले. १८०७ मध्ये तो शहरात आला, तेव्हा मधले बॉक्स काढून त्याच्यासाठी शाही बॉक्स केला गेला. पुढे शहर ऑस्ट्रियाकडे गेले. त्या सत्तेविरुद्धच्या १८४८ च्या उठावात व्हेनिसकरांनी शाही बॉक्स पाडून तिथे पुन्हा साधे बॉक्स बसवले. ऑस्ट्रियाची सत्ता परतली, तसा शाही बॉक्सही परतला. पुढे १८५९ पासून १८६६ पर्यंत, परक्या सत्तेच्या निषेधार्थ, मालकांनी नाट्यगृह बंदच ठेवले.

आत बहुतेक सारे लाकूडकाम. त्यानेच आवाज खुलतो आणि आगही त्यालाच धरते. १८३६ मध्ये नाट्यगृह जळाले. वास्तुविशारद मेदूना बंधूंनी ते वर्षभरात उभे केले. इटालियन संगीतकार वेर्दीचे ‘रिगोलेत्तो’ (१८५१) आणि ‘ला त्राव्हियाता’ (१८५३) हे ऑपेरा प्रथम रंगले ते याच दुसऱ्या वास्तूत. २९ जानेवारी १९९६ ची आग मात्र लावलेली होती. नाट्यगृहातले विजेचे काम रखडल्याचा दंड टाळण्यासाठी ती लावल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आणि दोन इलेक्ट्रिशियन दोषी ठरले. त्या रात्री आसपासचे कालवे सफाईसाठी कोरडे केलेले होते, त्यामुळे अग्निशमन दलाला जवळ पाणीच मिळेना. उरल्या त्या बाहेरच्या भिंती.

‘जसे होते, जिथे होते’ तसेच बांधायचे ठरले. आराखडा आल्दो रॉस्सी यांचा. ते १९९७ मध्येच गेले. जुनी छायाचित्रे आणि १९५४ च्या एका चित्रपटातली दृश्ये पाहून नक्षी पुन्हा घडवली गेली. जसे होते तसे म्हणजे अर्थात शाही बॉक्सही आला, आणि माझ्या मते तो गाळणे चुकीचे ठरले असते. डिसेंबर २००३ मध्ये वाद्यवृंद संचालक रिकार्दो मुती यांच्या मैफलीने दारे उघडली. पहिला ऑपेरा नोव्हेंबर २००४ मध्ये झाला: ‘ला त्राव्हियाता’.