बान मी

बान मी : व्हिएतनाममध्ये रस्त्यावरच्या गाड्यांवर, छोट्या दुकानांत आणि घरोघरी केला जाणारा भरलेल्या पावाचा पदार्थ. व्हिएतनामी भाषेत हे नाव मुळात कोणत्याही गव्हाच्या पावाला आहे. देशाबाहेर मात्र पाते (यकृताचे मऊ वाटण), डुकराचे मांस, लोणवलेला मुळा व गाजर, काकडी, कोथिंबीर आणि मिरची भरलेल्या लांबट पावालाच ते दिले जाते. सकाळी कामावर किंवा शाळेत जाताना उभ्याउभ्या घ्यायची न्याहारी हे त्याचे व्हिएतनाममधील मुख्य रूप असले, तरी तो दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत विकला जातो.

फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगॉन (आजचे हो ची मिन्ह शहर) जिंकले आणि त्यांचे सैनिक, मिशनरी व अधिकारी यांच्याबरोबर फ्रेंच पाव, लोणी, कॉफी आणि पाते हे जिन्नस तेथे रुजत गेले. व्हिएतनामच्या उष्ण, दमट हवेत गहू नीट पिकत नाही. पीठ जहाजाने आणावे लागे, पाव महाग पडे, आणि म्हणून बराच काळ तो फ्रेंचांच्या व त्यांच्या नोकरीत असलेल्या शहरी कुटुंबांच्या टेबलावरच राहिला. तो खाण्याची रीतही फ्रेंचच होती : पाव एका बाजूला आणि लोणी, हॅम, पाते दुसऱ्या ताटलीत.

ही रीत सायगॉनमध्ये मोडली. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देशाचे दोन भाग झाले आणि आठ ते दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत आले. त्यांत पाते, हॅम व थंडच खाल्ल्या जाणाऱ्या तयार मांसाच्या धंद्यात मुरलेले हनोईचे लोकही होते. हनोईहून आलेल्या एका दांपत्याने १९५८ मध्ये सायगॉनमध्ये काढलेल्या होआ मा या दुकानाला मांस पावात भरून हातात देण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते. बसून खायला वेळ नसलेले कामगार व विद्यार्थी हे गिऱ्हाईक समोर असल्यामुळे पाव आखूड झाला, लोण्याच्या जागी अंड्याचे मेयोनेज आले आणि मांसाचे प्रमाण कमी करून भाजी वाढवण्यात आली. भाजीचा हा वाटा पुढे पदार्थाचा प्राणच ठरला. फ्रेंच सँडविचपासून बान मी खऱ्या अर्थाने वेगळा होतो तो येथे.

युद्ध संपल्यावर, १९७५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत पीठ सरकारी वाटपातून मिळे आणि गाड्यांचा धंदा मंदावला. १९८६ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर तो पुन्हा फोफावला. दरम्यान, देश सोडून गेलेल्या निर्वासितांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया व फ्रान्समधील आपल्या वस्त्यांत बेकऱ्या उघडल्या. कॅलिफोर्नियातील सान होजे येथे १९८३ मध्ये सुरू झालेली लीज सँडविचेस ही त्यांतली सर्वांत परिचित साखळी होय. मार्च २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात या शब्दाची नोंद झाली.

बान मी चांगला की वाईट हे पाव ठरवतो. सायगॉनचा पाव साधारण वीतभर लांब, मधे फुगीर आणि हाताला हलका लागतो. त्याचे कवच कागदासारखे पातळ असते व दाबताच तडकते, आतला भाग जवळजवळ पोकळ असतो. तांदळाच्या पिठामुळे हा हलकेपणा येतो असे अनेक पाककृतींत लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात बहुतेक बेकऱ्या गव्हाचेच पीठ वापरतात, आणि पावाला फुगवतात ते भरपूर यीस्ट, पीठ सुधारण्यासाठी घातलेली क जीवनसत्त्वयुक्त मिश्रणे आणि भट्टीतली वाफ. असा पाव काही तासांतच चिवट होतो. म्हणून बेकऱ्या दिवसातून अनेकदा भाजतात आणि गाडीवाले भरण्यापूर्वी पाव निखाऱ्यावर किंवा छोट्या भट्टीत पुन्हा गरम करतात. जाड कवचाचा, चावताना जबडा दुखवणारा युरोपीय पाव या कामी येत नाही, कारण चावा घेताच आतले सारे मागून बाहेर पडते. मुंबई-पुण्यात घरी बान मी करणाऱ्याने लादीपावाऐवजी इराणी बेकरीतला ताजा ब्रून पाव घ्यावा. आकार वेगळा असला, तरी कुरकुरीतपणा साधतो.

लोणवलेल्या मुळा-गाजराला व्हिएतनामीत ‘दो चुआ’ म्हणतात. पांढरा मुळा आणि गाजर काडेपेटीतल्या काडीहून थोडे जाड कापून मीठ व साखर लावून चोळतात. मुळ्याची काडी वाकवली असता न मोडता तिची दोन टोके एकमेकांना टेकली, म्हणजे पुरेसे पाणी सुटले असे समजतात. मग ती धुऊन, पिळून व्हिनेगर, साखर आणि कोमट पाण्यात बुडवतात; तासाभरात ती खाण्याजोगी होते. बरणी उघडताच मुळ्याचा उग्र दर्प येतो, पण त्याने बिचकण्याचे कारण नाही, तो थोड्या वेळात विरतो.

मांसांत ‘चा लुआ’ हा प्रकार विशेष व्हिएतनामी आहे : डुकराचे मांस माशाच्या आंबवलेल्या रसाबरोबर गुळगुळीत होईपर्यंत कुटून, केळीच्या पानात घट्ट बांधून उकडतात व पातळ चकत्या करतात. पाते डुकराच्या किंवा कोंबडीच्या यकृताचे असते आणि लसूण व छोट्या कांद्यांनी ते अधिक तिखट, कमी लोणीदार बनते.

भरताना पाव एका बाजूने चिरून दुसरी बाजू जोडलेली ठेवतात आणि आतला मऊ भाग थोडा काढतात. एका अंगाला मेयोनेज, दुसऱ्याला पाते, मग मांस, त्यावर मॅगी छापाच्या खारट काळ्या रसाचे किंवा सोया सॉसचे थेंब. शेवटी काकडीच्या लांब फोडी, निथळलेला दो चुआ, देठांसह कोथिंबीर आणि ताजी मिरची. दो चुआ नीट पिळला नाही, तर पाव भिजून सगळी मेहनत वाया जाते. कागदात गुंडाळून रबर लावलेला हा पाव लगेच खावा. डब्यात भरून दुपारसाठी ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे.

प्रांतोप्रांती त्याची रूपे बदलतात. हाय फाँग या बंदरात बोटाएवढ्या जाडीच्या पावात केवळ पाते व तिखट सॉस भरतात. थंड हवेच्या दा लातमध्ये पाव भरतच नाहीत, तर मांसाच्या गोळ्यांच्या गरम रश्श्यात बुडवून खातात. न्या चांगच्या किनाऱ्यावर आत माशाच्या तळलेल्या वड्या असतात, आणि तळलेल्या अंड्याचा बान मी तर सर्वत्र मिळतो. शाकाहारी प्रकाराला ‘बान मी चाय’ म्हणतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे मांस वर्ज्य करतात आणि त्या दिवशी त्याला विशेष मागणी असते. त्यात तळलेला टोफू, अळिंबी व सोयाबीनचे पदार्थ भरतात, माशाच्या रसाऐवजी सोया सॉस वापरतात, आणि दो चुआ, काकडी व कोथिंबीर मात्र तशीच ठेवतात.