महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले नव्हेत

महागाईचा दर घसरल्याची बातमी आली की नाशिकच्या रविवार कारंजावर किराणा भरणारा ग्राहक ‘मग डाळ-तेल स्वस्त का झाले नाही?’ असे विचारतो, आणि अर्थकारणातले कळते म्हणवणारे काही जण त्याच बातमीला चलनघट, म्हणजे भावांची एकूण पातळीच खाली येणे, म्हणून मोकळे होतात. दोघेही भाववाढीचा वेग आणि भावांची पातळी यांत गल्लत करतात, आणि ही गल्लत इतकी वर्षे चालत राहावी याचा मला मनापासून त्रास होतो.

चलनवाढीचा, म्हणजे भाव एकूणच चढत राहण्याचा, अनुभव सर्वांनाच आहे. पगार भावांच्या मागे पडतो, पुढे महाग होईल म्हणून लोक खरेदी आधीच उरकतात आणि पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याची किंमत तीच ठेवून कंपनी वजन कमी करते.

खरी अडचण पुढे आहे. समजा, कॉलेज रोडवर मिसळ 100 रुपयांना मिळत होती. पहिल्या वर्षी ती 8 टक्क्यांनी वाढून 108 रुपये झाली आणि दुसऱ्या वर्षी 2 टक्क्यांनी वाढून 110 रुपये 16 पैसे झाली. दर 8 वरून 2 वर आला, हे खरेच; पण मिसळ आणखी महाग झाली आणि आदल्या वर्षी वाढलेले 8 रुपये तसेच राहिले. ती 105 रुपयांवर आली असती, आणि घरभाडे, औषधे, कपडे, प्रवास यांचा एकत्रित निर्देशांकही (सगळ्या भावांची मिळून मोजलेली पातळी) तसाच खाली गेला असता, तर ती चलनघट ठरली असती. देशात किरकोळ महागाईचा दर एप्रिल 2022 मध्ये 7.79 टक्के होता, तो ऑक्टोबर 2025 मध्ये 0.25 टक्क्यावर आला. त्या महिन्यात खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा 5.02 टक्क्यांनी कमी होते, तरीही एकूण निर्देशांक किंचित का होईना, वरच होता. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्टच 4 टक्के भाववाढीचे आहे; भाव जुन्या जागी आणण्याचे काम तिच्याकडे सोपवलेलेच नाही.

लासलगावात कांदा कोसळतो तेव्हाही चलनघट होत नाही. एका पिकाची आवक वाढते, शेतकरी भरडला जातो आणि ग्राहकाचे वाचलेले पैसे दुसरीकडे खर्च होतात.

खऱ्या चलनघटीत दूध-भाजी कोणी थांबवत नाही. फ्लॅट, गाडी, वॉशिंग मशीन मात्र ‘आणखी उतरेल’ म्हणून लांबणीवर पडते. विक्री मंदावली की दुकानदार भाव आणखी पाडतो, अंबड-सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींत कामाच्या पाळ्या कमी होतात आणि पगार आटतात. जपान 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे यात अडकून राहिला आणि जानेवारी 2013 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने 2 टक्के भाववाढीचे उद्दिष्ट जाहीर केले.

भाव सरसकट उतरावेत अशी इच्छा धरणाऱ्यांनी आपल्या कर्जाचा हप्ता विचारात घ्यावा, असा माझा आग्रह आहे. 40,000 रुपये पगारातून 16,000 रुपयांचा हप्ता गेला की 24,000 उरतात. भाव आणि पगार दोन्ही 10 टक्क्यांनी उतरले, तर पगार 36,000 होतो, हप्ता 16,000 च राहतो आणि हाती 20,000 उरतात. म्हणजे घरखर्चाची रक्कम जवळपास 17 टक्क्यांनी घटते आणि बाजार जेमतेम 10 टक्क्यांनी स्वस्त झालेला असतो.