बिनपगारी तांडेल: ब्रिटनच्या लाइफबोटींची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या किनाऱ्यावर कुणाची होडी बंद पडली, की तटरक्षकांकडून गावातल्या स्वयंसेवकांचे पेजर वाजवले जातात. कुणी दुकानाचं शटर ओढून धावतो, कुणी जेवणाच्या ताटावरून उठतो, आणि काही मिनिटांत लाइफबोट, म्हणजे बुडत्यांना वाचवणारी बोट, पाण्यात असते. ही बोट सरकारी नसते. ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ लोकवर्गणीवर चालते आणि बोटीवरचे बहुतेकजण बिनपगारी. ही घडी बसायला दीडशे वर्षं लागली, आणि बऱ्याचदा ती माणसं बुडाल्यावरच पुढे सरकली.

सर विल्यम हिलरी आयल ऑफ मॅन बेटावर डग्लसला राहत. डोळ्यांदेखत जहाजं फुटताना पाहून त्यांनी १८२३ मध्ये देशाला आवाहन करणारी पुस्तिका काढली. तिच्यात कळकळ होती, पण हिशेबही पक्का होता: शिकवलेले खलाशी, जीव वाचवणाऱ्याला बक्षीस, आणि कुणी बुडालाच तर त्याच्या बायकापोरांची सोय. नौदल खात्याने फारशी दाद दिली नाही, तेव्हा धनिकांना गाठून ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये ही संस्था उभी राहिली. मला यातलं हिशेबाचं कलम महत्त्वाचं वाटतं. मासेमार आधीही बुडत्यासाठी होड्या लोटत होतेच; धाडस मुबलक होतं, नव्हतं ते सामान आणि मागे राहणाऱ्यांची तजवीज.

सामानाचं मोल इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाला कळलं. ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात तिथल्या खलाशांनी एकाच दिवसात पाच जहाजांवरची माणसं काढली. सहाव्या खेपेला बोट उलटली आणि तेरापैकी बारा गेले. वाचलेल्या हेन्री फ्रीमनच्या अंगात बुचाच्या तुकड्यांचं नवं जाकीट होतं.

पैशाचा प्रश्न सुटला तो आणखी मोठ्या घातानंतर. डिसेंबर १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ या जर्मन जहाजाच्या मदतीला गेलेल्या साउथपोर्ट आणि सेंट ॲन्स इथल्या दोन बोटी उलटल्या. २७ स्वयंसेवक मेले. सेंट ॲन्सच्या बोटीवरचा एकही परतला नाही. विधवांसाठी निधी जमला, पण श्रीमंतांच्या देणग्यांवर संस्था किती दिवस तगणार? १८९१ मध्ये चार्ल्स मकारा या गिरणीमालकाने मँचेस्टरच्या रस्त्यांतून लाइफबोटींची मिरवणूक काढली. ट्रामच्या वरच्या मजल्यावर पोचावं म्हणून लांब काठ्यांना पिशव्या बांधल्या होत्या! रस्त्यावर डबा खुळखुळवून वर्गणी मागायची पद्धत ब्रिटनमध्ये रुळली ती इथून.

विसाव्या शतकात समुद्रच बदलला. मालवाहू शिडाची जहाजं गेली आणि सुट्टीतले हौशी लोक आले, छोट्या होड्या घेऊन. किनाऱ्यालगत अडकलेल्यांसाठी जड लाइफबोट काढणं वेळखाऊ, म्हणून १९६३ पासून हवा भरलेल्या रबरी बोटी आल्या. त्यांची पुढची आवृत्ती वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात घडली. शिडाच्या होड्या शिकणाऱ्या मुलांसोबत तिथे रबरी बोटी असत आणि किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवर घासून त्यांचे तळ झिजत. मग मुलांनी खाली प्लायवूड चिकटवून पाहिलं. या खटपटीतून कडक तळाची, वेगवान बोट तयार झाली. प्राचार्य डेस्मंड होर हे निवृत्त नौदल अधिकारी. त्यांनी या बोटीचं पेटंट लाइफबोट संस्थेला १ पौंडात देऊन टाकलं.

१९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलच्या माउसहोल गावातून ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी लाइफबोट निघाली. ‘युनियन स्टार’ जहाजाचं इंजिन बंद पडलं होतं आणि हेलिकॉप्टरचा इलाज चालत नव्हता. निघताना तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, एका खलाशाला सोबत घेतलं आणि त्याच्या मुलाला काठावर ठेवलं. एका घरातले दोघे नकोत म्हणून. बोटीवरचे आठही परतले नाहीत, जहाजावरचेही आठ गेले. दिवसभरातच नव्या चमूपुरते लोक पुढे आले. काठावर राहिलेला तो मुलगा पुढे त्याच केंद्राचा तांडेल झाला.