बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं का?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मँचेस्टरहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर प्लॅस्टिकचं वीस लिटरचं पिंप, त्याच्या झाकणात खोचलेली पाणी भरलेली वाकडी नळी. "आत्या, सकाळपासून एकही बुडबुडा नाही. झालं ना? बिअर बाटल्यांत भरू?"

मी पार्ल्यातल्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ झाकून ठेवत होते. म्हटलं, "थांब. हायड्रोमीटर घेतला आहेस का?" द्रवाची घनता मोजायची ती काचेची नळी त्याने घेतली होती, पण पहिल्या दिवसानंतर खोक्यातून काढलीच नव्हती. त्या रात्री त्याला जे फोनवर नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ सालापासून परवाना लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, म्हणून हा लेख कृती म्हणून वाचू नये. दुसरी गोष्ट माझ्या भावाची. 'घरी केलेली दारू' म्हणताच त्याला मालवणी आठवली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं विषारी दारूने गेली, ते मुंबईकर विसरणार नाही. पण तिथे जीव घेतला तो मिथेनॉलने. जवाच्या गोड काढ्यात यीस्ट टाकलं तर तयार होतं ते इथेनॉल. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून सुटतं आणि जवाच्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. घरच्या बिअरमध्ये खरी भीती असते ती फुटणाऱ्या बाटलीची, आणि भाचा त्याच वाटेवर होता.

बुडबुड्यांवर विश्वास का ठेवायचा नाही? यीस्ट साखर खातं, त्यातून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, हे शाळेत आपण शिकलो. भाच्याच्या वीस लिटरमधून एकूण चारशे लिटरच्या आसपास वायू बाहेर पडतो. पण तो नळीतूनच जाईल असं नाही. झाकणाच्या रबरात केसाएवढी फट असली, तरी वायू तिकडून निघून जातो आणि आत यीस्ट जोरात काम करत असताना नळी गप्प राहते. उलटही होतं. खोलीत हीटर लावला, पिंप चार अंशांनी तापलं, की द्रवात विरघळलेला वायू बाहेर येतो आणि संपलेलं आंबणं पुन्हा सुरू झाल्यासारखं दिसतं. हवेचा दाब उतरला तरी तेच. नळीतला बुडबुडा एवढंच सांगतो की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त झाला. का झाला, हे तो सांगत नाही.

साखर किती उरली, हे मात्र विचारता येतं. त्यासाठी हायड्रोमीटर. दूध तपासायचा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच भाऊ. तळाशी वजन असलेली काचेची पोकळ नळी द्रवात सोडली की ती आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारून तरंगते. द्रवाची घनता जितकी जास्त, तितकी नळी वर. शुद्ध पाण्यात काटा, म्हणजे नळीवरच्या मोजपट्टीवर द्रवाची पातळी जिथे येते तो आकडा, १.००० दाखवतो. लिटरभर द्रावणात शंभर ग्रॅम साखर असेल तर साधारण १.०३८. हा प्रयोग मुंबईतही करून पाहा, त्याला परवाना लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पाणी ३० अंशांना असतं, त्यामुळे आकडा साधारण ०.००२५ने कमी येतो. आणि नमुन्यात वायू असेल तर तो आधी ढवळून घालवायचा. नाहीतर बुडबुडे काचेला चिकटतात, नळीला वर उचलतात आणि आकडा खोटा चढतो.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येते. इथे थोडी आकडेमोड आहे.

भाच्याचा काढा सुरुवातीला १.०४८ होता, म्हणजे शंभर ग्रॅम काढ्यात बारा ग्रॅम विरघळलेला ऐवज (साखर आणि इतर घन पदार्थ). शेवटी आकडा १.०१० आला. तक्त्यात बघितलं तर १.०१० म्हणजे शंभर ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम. मग साडेनऊ ग्रॅम साखर खाल्ली गेली, असं म्हणायचं का? नाही. कारण खाल्लेल्या साखरेच्या जागी आता इथेनॉल आलं आहे, आणि इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं आहे, घनता ०.७८९. साखर कमी झाली म्हणून द्रव हलका झाला, वर इथेनॉलने तो आणखी हलका केला. दोन्हींचा परिणाम एकाच काट्यावर पडतो आणि काटा त्यांना वेगळं करू शकत नाही.

हा गुंता प्रागच्या कार्ल बॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात सोडवला. त्याने धरलेला हिशोब असा: २.०६६५ ग्रॅम ऐवज खर्च झाला की १ ग्रॅम इथेनॉल, ०.९५६५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.११ ग्रॅम नवीन यीस्ट तयार होतं. बेरीज करून पाहा, एक कणही हरवलेला नाही. या हिशोबातून भाच्याच्या बिअरमध्ये खरोखर उरलेला ऐवज निघतो शंभर ग्रॅममध्ये ४.२ ग्रॅम. काटा म्हणतो ७९ टक्के ऐवज संपला. खरं तर ६५ टक्केच संपला आहे. पहिल्याला दृश्य क्षीणन म्हणू, दुसऱ्याला वास्तव क्षीणन. इतक्या साध्या काचेच्या नळीतून, तोंडात थेंबही न टाकता, आत किती मद्यार्क आहे (इथे आकारमानाने ५ टक्के) हे काढता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मग उरलेला ४.२ ग्रॅम ऐवज यीस्ट का खात नाही? त्यात थोडी प्रथिनं आणि क्षार असतात, पण बहुतेक वाटा डेक्स्ट्रिनचा, म्हणजे स्टार्चच्या अर्धवट तुटलेल्या साखळ्यांचा. मोड आणलेले जव गरम पाण्यात भिजवताना दोन विकरं (एन्झाइम) काम करतात. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांना जोरात असतं आणि साखळीच्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे, म्हणजे माल्टोज, तोडत जातं. अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या आसपास टिकून राहतं आणि साखळी मध्येच कुठेही कापतं. पण साखळीला जिथे फांदी फुटते तो जोड दोघांनाही तुटत नाही. त्या फांद्यांचे तुकडे यीस्टच्या पेशीत शिरतच नाहीत. म्हणून पाणी जास्त गरम ठेवलं तर बिअर जास्त आकड्यावर थांबते, थोडी दाट आणि गोडसर लागते. शेवटचा आकडा १.०१० येणार की १.०१६, हे यीस्ट टाकण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. 'सात दिवसांत बिअर तयार' असं खोक्यावर छापणाऱ्याला तुमचं पाणी किती तापलं होतं आणि खोलीत किती थंडी आहे, हे कुठून कळणार?

एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही, त्याला आणखी एक कारण आहे. यीस्ट आधी ग्लुकोज उचलतं, मग माल्टोज, आणि तीन ग्लुकोजचं माल्टोट्रायोज सगळ्यात शेवटी, सावकाश. थंडी पडली तर ते काम अर्धं टाकून तळाशी बसतं. आकडा स्थिर दिसतो, पण खाण्याजोगी साखर शिल्लक असते. याचा छडा लावायला एक सुंदर युक्ती आहे. सुरुवातीलाच पेलाभर काढा वेगळा काढून त्यात भरपूर यीस्ट घालायचं, पंचवीस-तीस अंशांना ठेवायचं आणि अधूनमधून हलवायचं. दीड-दोन दिवसांत तो पेला शेवटचा आकडा सांगून टाकतो, मोठं पिंप तिथे पोचायच्या कितीतरी आधी. आपल्या हवेत त्याला हीटरही लागला नसता.

घाईचा हिशोब असा. आकड्यातला दर ०.००१ बाटलीत अर्धा 'आकारमान' वायू वाढवतो, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका. नेहमीच्या बिअरमध्ये अडीच आकारमानं असतात. १.०१५ वर झाकण लावलं आणि खरा शेवट १.०१० असेल, तर अडीच आकारमानं जास्तीची. फेसासाठी घातलेली साखर धरून ती पाचाच्या घरात जातात. शँपेनची बाटली जाड काचेची असते ती असा दाब सोसण्यासाठी. बिअरची साधी बाटली त्यासाठी केलेली नसते, आणि फुटली की काच खोलीभर उडते.

याच कॉलमध्ये भाऊ मधेच म्हणाला, "झाली की मलाही पाठव, मुतखड्याला बरी असते." हे मी पार्ल्याच्या मंडईतही ऐकलं आहे. बिअरने मुतखडा विरघळत नाही. लघवी वाढते हे खरं, पण खडा अडकलेला असेल तर वाढलेल्या लघवीने कळाच वाढतात. पाणी प्यावं आणि डॉक्टरांकडे जावं, असं त्याला सांगितलं.

भाच्याने त्या रात्री नमुना काढला: १.०१६. पिंप थंड खिडकीपासून हलवून घरात आणलं. तीन दिवसांनी १.०११, आणखी दोन दिवसांनी १.०१०, पुढचे तीन दिवस तोच आकडा. तरी मी त्याला एक शेवटची चाचणी करायला लावली. यीस्ट वाढताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचं संयुग बाहेर टाकतं. त्याचं हळूहळू डायअसिटिल होतं, ज्याला लोण्याचा वास येतो. वेळ मिळाला तर यीस्ट ते परत शोषून घेतं. नमुना झाकून साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवला, गार करून हुंगला, की लपलेला वास वर येतो.

"लोणी," तो म्हणाला. मी म्हटलं, अजून दोन दिवस. शनिवारी पुन्हा तापवलं, वास गेला होता, आकडा १.०१० वरच होता, आणि तो बाटल्या धुवायला लागला.